गोळी हृदयापर्यंत पोचते तेव्हा

(सोलापुरात औषधविक्रेते, परिचारिका आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. शेवटी काही प्रश्नोत्तरं घेतली आहेत.)

नमस्कार मंडळी.

'हृदयाच्या पेशी आणि औषधांचा चयापचय' असा विषय फलकावर लिहिल्यावर सभागृह रिकामं राहील, अशी संयोजकांना धास्ती होती. मी त्यांना म्हटलं, सोलापूरकर मे महिन्यात दुपारी दोन वाजता बाजार करतो, तो चयापचयाला काय भिणार! तुम्ही आलात, बरं वाटलं. पुढच्या ओळीत औषध दुकानदार मंडळी बसली आहेत, त्यांना अर्धं माहीत असणार. त्यांनी कंटाळा करू नये, कारण उरलेलं अर्धं आम्हालाही कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

सुरुवातीलाच हातात एक चिठ्ठी आली आहे. एका आजींनी विचारलंय, "छातीत कळ आली की ती बारीक गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात. गिळली तर काय होतं? पोटातनं पण ती हृदयाकडंच जाणार ना?" आजी, तुमच्या या प्रश्नात आजचं सगळं व्याख्यान आहे. त्याचं उत्तर मी लगेच देणार नाही, जरा वळसा घेऊन देतो.

गोळी गिळली की ती जठरात फुटते, लहान आतड्यात शोषली जाते. आपण समजतो की आता ती रक्तात आली, निघाली हृदयाकडे. तसं होत नाही. आतड्यातून निघणारं रक्त पोर्टल शिरेतून आधी थेट यकृतात जातं. यकृत दीड किलोचं, आणि हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तातलं जवळपास पाव रक्त त्याच्यातून फिरतं. नवी वस्तू दिसली की तिच्यावर काहीतरी प्रक्रिया करून ती पाण्यात विरघळेल अशी करायची आणि मूत्रपिंडाच्या हवाली करायची, हे त्याचं काम. आपण औषध म्हणून घेतलेली गोळी यकृताच्या लेखी उपरीच. प्रोप्रॅनोलॉल हे बीपी आणि नाडी उतरवणारं औषध उदाहरण म्हणून घ्या. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात ते आणलं, १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. तोंडाने ते ४० मिलिग्रॅम द्यावं लागतं, आणि शिरेतून द्यायची वेळ आली तर एका वेळी १ मिलिग्रॅमच्या घरात. मधल्या मिलिग्रॅमांचं काय झालं? त्यांचा मोठा भाग पहिल्याच फेरीत यकृतानं खाल्ला.

हे काम करणाऱ्या एन्झाइमांच्या, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, मोठ्या कुटुंबाला सायटोक्रोम पी-४५० म्हणतात. ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी १९६२ साली हे नाव दिलं. कार्बन मोनॉक्साइड जोडला की हा रंगद्रव्याचा रेणू ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, म्हणून ४५०. माणसात त्याची ५७ जनुकं आहेत. सगळी औषधांसाठी नाहीत, बरीचशी शरीराच्या घरच्या कामाला आहेत. औषधांचा मुख्य भार पाच-सहा जण उचलतात.

एम.डी. करताना आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं, ते सांगतो. पहाटे मटणाच्या दुकानात जाऊन बोकडाचं काळीज आणि हृदय आणायचं. दुकानदाराला वाटायचं, पोरं पार्टी करतात. प्रयोगशाळेत आणून बर्फात ठेवलेल्या द्रावात ते कातरायचं, वाटायचं, गाळायचं. काळीज पटकन वाटलं जातं. हृदयाचा स्नायू मात्र चिवट, धागे धागे निघतात आणि हाताला कळ लागते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये आधी कमी वेगाने फिरवून मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, खाली बसवायचे, वरचा द्राव काढून तासभर प्रचंड वेगाने फिरवायचा. तळाला गुलाबी-तपकिरी थर बसतो, पी-४५० असतं ते त्यात. तो पुन्हा विरघळवून दोन काचेच्या चौकोनी नळ्यांत घ्यायचा, दोन्हींत चिमूटभर डायथायोनाइट नावाचं रसायन टाकायचं, एकीत कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे सोडायचे आणि यंत्र चालू करायचं. त्या काळी कागदावर पेन चालायचं. काळजाचा नमुना असला की पेन ४०० पासून रेंगाळत निघायचं, ४५० आलं की झपकन वर चढायचं आणि सुबक टेकडी काढून खाली यायचं. फार समाधान वाटायचं हो! हृदयाचा नमुना लावला की ४५० ला काहीच नाही. उलट ४२० च्या आसपास एक बेढब फुगवटा. कारण हृदयाच्या स्नायूत मायोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू धरून ठेवणारं लाल प्रथिन, भरपूर, मायटोकॉन्ड्रिया भरपूर, थोडंफार रक्तही राहून जातं. त्यांची रंगद्रव्यं जवळपास त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतात. त्या गर्दीत पी-४५० असलं तरी दिसणार कसं? आमच्या सरांनी वहीवर लिहिलं, 'हृदय : नगण्य'. आणि आम्ही पुढची कित्येक वर्षं तेच शिकवत राहिलो. औषध यकृतात बदलतं, हृदय फक्त ते घेतं.

१९९०च्या दशकात साधनं बदलली. प्रकाश मोजण्याऐवजी पेशीतली जनुकांची प्रत, म्हणजे संदेशवाहक आरएनए, वाढवून मोजता येऊ लागला. आणि मग ते 'नगण्य' जरा खरवडून बघावं लागलं. १९९६ साली अमेरिकेत डॅरिल झेल्डिन यांच्या गटाने पी-४५० कुटुंबातलं एक नवं जनुक वेगळं काढलं, सीवायपी-२जे२. सीवायपी म्हणजे सायटोक्रोम पी-४५०, पुढचे आकडे-अक्षरं म्हणजे कुटुंबातल्या त्या सदस्याचं नाव. ते सगळ्यात ठळकपणे सापडलं ते हृदयात. यकृतात याचं प्रमाण बेताचंच, तिथे राज्य दुसऱ्यांचं असतं. मानवी हृदयातल्या पी-४५० मध्ये हाच मुख्य.

आता लगेच असं समजू नका की हृदय यकृताची बरोबरी करतं. ३०० ग्रॅमचा स्नायू तो. शिवाय त्याला स्वतःसाठी मिळणारं रक्त एकूण रक्ताच्या पाच टक्क्यांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती, हे तुम्हाला सांगायला नको. कारखान्याच्या गाळपापुढे रस्त्याकडेच्या गुऱ्हाळाचा काय हिशेब? जिल्ह्याच्या उत्पादनात ते दिसणारही नाही. पण गुऱ्हाळातली काकवी त्या वस्तीवरची माणसं त्याच दिवशी भाकरीबरोबर खातात. हृदयातल्या एन्झाइमांचं तसंच. रक्तातलं औषधाचं एकूण प्रमाण त्यांच्यामुळे हलत नाही. हलतं ते हृदयाच्या पेशीच्या आत, जिथे औषधानं काम करायचं असतं तिथलं प्रमाण. तुमच्या हातावरच्या शिरेतून रक्त काढून लॅबवाला जो आकडा देतो, त्यात हे कुठेच येत नाही.

या २जे२ चा रोजचा धंदा औषधं बदलणं हा नाहीच. पेशीच्या आवरणात अरॅकिडोनिक आम्ल असतं. त्यापासून हा ईईटी नावाचे छोटे रेणू बनवतो. ते रक्तवाहिन्या सैल करतात, सूज आवरतात. रक्तपुरवठा तुटून परत सुरू होतो तेव्हा होणारं पेशींचं नुकसान ते कमी करतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे औषध हे त्याच्या रोजच्या कामात मध्येच आलेलं गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकांची गर्दी झाली की रोजच्या कामाचं काय होतं, हा प्रश्न मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो. एखादं औषध २जे२ ला अडवून बसलं, तर ते हृदयाचं एक संरक्षकही बंद पाडतंय का? औषधं तपासताना यकृतातली पाच-सहा एन्झाइमं आवर्जून बघतात. हृदयातल्या या एकाकडे तेवढ्या आस्थेनं बघत नाहीत. बघायला हवं, असं माझं मत आहे.

हृदयाच्या आतही सगळीकडे सारखं नाही. थॉमस थुम आणि युर्गेन बोरलाक या जर्मन संशोधकांनी २००० साली 'लॅन्सेट'मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. काढलेल्या मानवी हृदयांचे वेगवेगळ्या कप्प्यांतले तुकडे घेऊन त्यांनी पी-४५० ची जनुकं कुठे किती चालू आहेत ते पाहिलं. बरीचशी उजव्या जवनिकेत जास्त आढळली. बीटा ब्लॉकर, म्हणजे प्रोप्रॅनोलॉलच्या कुळातली औषधं मोडणारं २डी६ त्यात होतं. यावरून त्यांनी असा अंदाज मांडला की काही औषधं हृदयाच्या उजव्या बाजूला कमी परिणाम करतात, त्यामागे तिथेच होणारी ही मोडतोड असू शकते. अंदाज म्हणूनच घ्या. मला त्यातलं आवडतं ते एवढंच, की 'हृदयातली औषधाची पातळी' असं आपण एका दमात म्हणतो, पण हृदयात कप्पे चार आहेत.

आता एक अशी गोष्ट सांगतो, जी ऐकून पुढच्या ओळीतले जुने दुकानदार मान हलवतील. टर्फेनाडिन आठवतंय? सर्दी-शिंकांची गोळी. झोप येत नाही म्हणून लोकप्रिय. अमेरिकेत १९८५ साली आली, लोक चॉकलेटसारखी घ्यायचे. १९९० साली एका ३९ वर्षांच्या बाईंची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. त्या टर्फेनाडिन घेत होत्या, सोबत बुरशीवरचं केटोकोनॅझोल सुरू झालं, आणि त्यांच्या हृदयाचा ठेका पार बिघडला. ईसीजीवर लाटा पीळ दिल्यासारख्या फिरतात, त्या प्रकाराला टोर्साद म्हणतात. त्यातून बेशुद्धी, कधी मृत्यू.

उलगडा झाला तो असा. टर्फेनाडिन हे मुळात औषधाचं कच्चं रूप. आतड्यात आणि यकृतात सीवायपी-३ए४ त्याचं जवळजवळ सगळं रूपांतर करून टाकतं. त्या रूपांतरातून जे निघतं, फेक्सोफेनाडिन, तेच खरं सर्दीचं औषध. ते हृदयाला धक्का लावत नाही. केटोकोनॅझोलनं ३ए४ ला कुलूप लावलं, तेव्हा न बदललेलं टर्फेनाडिन पहिल्यांदा भरपूर प्रमाणात हृदयापर्यंत पोचलं आणि तिथल्या पोटॅशियमच्या वाटा बंद करून बसलं. पुढे १९९८ साली ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं, आणि त्याच्या पोटातून निघालेलं फेक्सोफेनाडिन आज तुमच्या दुकानात वेगवेगळ्या नावांनी आहे.

इथपर्यंतची गोष्ट पुस्तकात आहे. पुढचा तुकडा कमी लोकांना माहीत आहे. हृदयातलं २जे२ सुद्धा टर्फेनाडिन मोडतं. म्हणजे यकृताचं फाटक फुटल्यावर हृदयाच्या दारात अजून एक पहारेकरी उभा होता. तो एकटा पुरा पडला नाही. पण केटोकोनॅझोल आणि टर्फेनाडिन एकत्र घेणाऱ्या सगळ्यांनाच हा त्रास झाला नाही. त्याची कारणं अनेक असतील, पोटॅशियम कमी असणं, आधीचा हृदयविकार, जनुकं. त्या यादीत हृदयातल्या एन्झाइमाचं कमीजास्त प्रमाणही धरलं पाहिजे, असं म्हणायला जागा आहे.

आता आजींच्या गोळीकडे येतो. तिचा मूळ पुरुष नायट्रोग्लिसरीन. इटलीत तुरीनला आस्कानियो सोब्रेरो यांनी १८४७ साली ते पहिल्यांदा बनवलं, जिभेला लावून बघितलं आणि डोकं फुटेल असं दुखलं. पुढे आल्फ्रेड नोबेलनी त्यापासून डायनामाइट केला. त्या कारखान्यांतल्या कामगारांची एक तक्रार प्रसिद्ध आहे. आठवडाभर काम करताना डोकेदुखी जिरायची, रविवारी सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा ठणकायची. उलट ज्यांना हृदयशूळ होता, त्यांना कामावर बरं वाटायचं आणि सुट्टीला छातीत दुखायचं. लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ साली ते औषध म्हणून वापरून लिहिलं. आणि म्हातारपणी खुद्द नोबेलना हृदयविकार झाला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना हेच लिहून दिलं. नियतीची काय थट्टा, असं त्यांनीच एका पत्रात म्हटलंय.

हे औषध काम करतं ते नायट्रिक ऑक्साइड वायू सोडून. तो वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल करतो. मुख्यतः शिरा पसरतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, त्याचं ओझं उतरतं. नायट्रिक ऑक्साइडच्या कामासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल मिळालं. नोबेलच्याच पैशांतून, हे लक्षात घ्या. पण तरीही एक मुद्दा उरला होता. नायट्रोग्लिसरीन आपणहून वायू सोडत नाही. ते कुणी तरी फोडावं लागतं. कोण फोडतं? शंभराहून जास्त वर्षं आपण ते जिभेखाली ठेवत होतो आणि हे ठाऊक नव्हतं. २००२ साली जोनाथन स्टॅमलर यांच्या गटानं दाखवलं की वाहिनीच्या भिंतीतल्या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात एएलडीएच-२ नावाचं एन्झाइम आहे, ते हे काम करतं.

म्हणजे बघा. यकृतात हे औषध मोडलं तर ते वाया जातं. वाहिनीच्या भिंतीत मोडलं तर तेच औषध ठरतं. मोडायचं कुठे, यावर सगळं आहे. म्हणून आजी, नायट्रोग्लिसरीन गिळलं तर पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं यकृतात संपतं. जिभेखालच्या शिरांतलं रक्त यकृताला टाळून थेट वरच्या मोठ्या शिरेत जातं, म्हणून तिथे ठेवायचं. आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात असते ती सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. ती नायट्रोग्लिसरीनची चुलत बहीण. गिळली तर थोडी उरते, पण उशिरा आणि कमी. कळ आलेली असताना तेवढा वेळ नसतो. गोळी ठेवताना बसा. उभ्यानं ठेवली तर शिरा पसरून बीपी उतरतं आणि चक्कर येऊन पडाल, आणि मग हृदयाऐवजी खुब्याचं हाड घेऊन दवाखान्यात जाल. आणि एक, पुरुष मंडळींसाठी. सिल्डेनाफिल म्हणजे ती निळी गोळी. हसू नका, माणसं यानं दगावतात. ती घेतली असेल तर चोवीस तासांत नायट्रेट घ्यायचं नाही. छातीत दुखतंय म्हणून गेलात आणि डॉक्टरनं विचारलं, तर लाज सोडून खरं सांगायचं. गंमत म्हणजे सिल्डेनाफिलची चाचणी मुळात हृदयशूळावरच सुरू झाली होती.

त्या कामगारांच्या सोमवारचा उलगडाही इथेच आहे. नायट्रोग्लिसरीन फोडता फोडता एएलडीएच-२ स्वतः निकामी होत जातं. सारखं औषध मिळालं की एन्झाइम थकतं, परिणाम ओसरतो. सुट्टी मिळाली की ते पुन्हा तयार होतं. म्हणून नायट्रोग्लिसरीनची पट्टी कातडीवर लावणाऱ्यांना डॉक्टर रात्री ती काढून ठेवायला सांगतात. "रात्री काढली तर हृदयाला कोण बघणार?" असं म्हणत बरेच जण ती चोवीस तास ठेवतात आणि मग म्हणतात, औषध लागू पडेना.

हे एएलडीएच-२ दारू पचवतानाही लागतं. चीन-जपानकडच्या बऱ्याच लोकांत त्याचा कमकुवत प्रकार असतो, एक पेग घेतला की चेहरा लालभडक होतो. त्यांच्यात नायट्रोग्लिसरीनचा गुण कमी दिसतो. आपल्याकडे तो प्रकार फारसा नाही. दारूनं चेहरा लाल होत नाही म्हणून कुणी खूश होऊ नये, एवढंच.

आतापर्यंत हृदयाच्या आणि वाहिन्यांच्या बाजूनं बोललो. आता उलटं. कॅन्सरच्या रुग्णांना एक लाल रंगाचं औषध शिरेतून देतात, डॉक्सोरुबिसिन. सिव्हिलमध्ये काम केलेल्या सिस्टरना ती लाल सिरिंज माहीत आहे, नस सुटून बाहेर सांडलं तर कातडी जळते म्हणून त्या किती जपून देतात. हे औषध हृदयाच्या पेशीत गेलं की तिथली कार्बोनिल रिडक्टेज नावाची एन्झाइमं त्याचं डॉक्सोरुबिसिनॉल करतात. रसायनाच्या दृष्टीनं बदल किरकोळ, एका ऑक्सिजनला हायड्रोजन जोडले एवढाच. पण तयार झालेला रेणू पेशीतून सहज बाहेर पडत नाही. तो साचत जातो, कॅल्शियमचा पंप बिघडवतो, लोहाचं गणित बिघडवतो. हृदयाचं नुकसान होण्याची कारणं एकाहून जास्त आहेत, पण त्यांत हृदयानं स्वतः केलेल्या या रूपांतराचा वाटा आहे, असं मानणारे बरेच संशोधक आहेत. म्हणून या औषधाचा आयुष्यभराचा हिशेब ठेवतात. शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे एकूण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत, आणि आधी-मध्ये इको काढतात. घरचे लोक म्हणतात, कॅन्सरला हृदयाची सोनोग्राफी कशाला, डॉक्टर पैसे काढतो. नाही, काढत नाही.

बाकीची काही औषधं भराभर सांगून टाकतो, नाहीतर हृदयाच्या प्रत्येक औषधावर हृदयच काम करतं असा गैरसमज घेऊन घरी जाल. क्लोपिडोग्रेल, स्टेंट टाकल्यावरची रक्त पातळ व्हायची गोळी, ती हृदयात नाही, यकृतात जागी होते. शोषलेल्यापैकी सुमारे ८५ टक्के भाग दुसरी एन्झाइमं आधीच वाया घालवतात, उरलेल्या १५ टक्क्यांतून खरं औषध बनतं, तेही दोन पायऱ्यांत, त्यात २सी१९ लागतं. आपल्याकडे या २सी१९ चे मंद प्रकार युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतात. २०१० साली अमेरिकेच्या औषध खात्यानं त्याबद्दल ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. ओमेप्राझोल हेच एन्झाइम अडवतं. तेव्हा स्टेंटवाल्यांनी शेंगा चटणी जास्त झाली म्हणून दुकानातून परस्पर ॲसिडिटीची गोळी उचलू नये, आणि दुकानदारांनी देऊ नये. एस्मोलॉल आयसीयूत देतात, त्याला तर रक्तातल्या तांबड्या पेशीच मोडून टाकतात, नऊ मिनिटांत निम्मं. डिगॉक्सिनचं रूपांतर हृदय करत नाही, बहुतेक भाग जसाच्या तसा मूत्रपिंडातून जातो. म्हणून आपल्या उन्हाळ्यात त्याची भीती. पारा ४३-४४ वर, घामानं आणि जुलाबानं पाणी कमी झालेलं, मूत्रपिंड थकलेलं, वर लघवीच्या गोळीनं पोटॅशियम उतरलेलं. रोजचीच गोळी, रोजचाच डोस, आणि आजोबा म्हणायला लागतात की अन्न नको वाटतंय, पिवळं दिसतंय. घरच्यांना वाटतं, ऊन लागलं.

ॲमिओडॅरोनवर मात्र थांबलं पाहिजे. ठेका बिघडल्यावर देतात ते. हे औषध हृदयाच्या स्नायूत रक्तापेक्षा कैक पटींनी साठतं. त्याचं मोडलेलं रूप, डेसएथिल ॲमिओडॅरोन, हेही काम करतं आणि तेही हृदयातच साठतं. ३ए४ प्रमाणे आपल्या ओळखीचं २जे२ पण त्याच्यावर काम करतं. गोळी बंद केली तरी शरीरातून निम्मं जायला आठवडे, कधी महिने लागतात. रक्त तपासून आकडा खाली आलेला दिसेल आणि हृदय अजून त्याच औषधात असेल.

आणि दमलेलं हृदय, म्हणजे ज्याला आपण हार्ट फेल्युअर म्हणतो, त्यात तर सगळंच सरकतं. पंप कमी पडला की यकृतात रक्त तुंबतं, यकृताचं काम मंदावतं. ठेका सुधारायला शिरेतून देतात ते लिडोकेन अशा रुग्णाला कमी द्यावं लागतं हे जुनंच ज्ञान. पण त्याच वेळी हृदयाच्या पेशीतली एन्झाइमंही बदललेली असतात, काही वाढतात, काही घटतात. आपण औषधं तपासतो बहुतेक निरोगी तरुणांवर, आणि देतो मात्र या हृदयांना. म्हणून सुरुवातीला थोडा डोस आणि दर पंधरा दिवसांनी बोलावणं. "डॉक्टर सारखे हेलपाटे घालायला लावतात" ही तक्रार मी ऐकलीय. जेव्हा आत किती शिल्लक आहे ते मोजता येत नाही, तेव्हा माणसालाच बघावं लागतं, त्याची नाडी, पायाची सूज, जिना चढताना लागणारा दम.

आता चिठ्ठ्या.

"हृदयातली ही एन्झाइमं तपासून डोस ठरवता येतो का?" नाही. हृदयाचा तुकडा काढल्याशिवाय ती मोजता येत नाहीत. जनुकांची चाचणी करून २सी१९ किंवा रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसाठी २सी९ कळतं, ठरावीक रुग्णांत त्याचा उपयोग आहे. पण 'तुमच्या हृदयासाठी खास जनुकीय पॅकेज' अशी जाहिरात मोबाइलवर आली तर पैसे जपून ठेवा.

"पपनस खाल्लं तर चालतं का?" चांगला प्रश्न. कॅनडात डेव्हिड बेली हे फेलोडिपिन या बीपीच्या औषधाबरोबर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. औषधाचं रक्तातलं प्रमाण कैक पटींनी चढलं, आणि दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. तो रस आतड्याच्या भिंतीतलं ३ए४ निकामी करतो. म्हणजे बघा, आतडंही औषध मोडतं. पपनस त्याच कुळातलं, तीच द्रव्यं त्यात आहेत. सिम्व्हास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, फेलोडिपिन असलं काही चालू असेल तर टाळा. आज घेतलं आणि उद्या गोळी घेतली, असंही चालत नाही, आतड्याला नवं एन्झाइम बनवायला दोन-तीन दिवस लागतात.

"अर्जुनारिष्ट घेतो, हृदयाच्या गोळ्याही घेतो." दोन्ही घेता ते दोन्ही डॉक्टरांना सांगा, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं नको. अर्जुनसालीच्या अर्कानं काही पी-४५० एन्झाइमं मंदावतात असं प्रयोगनळीत दिसलंय. प्रयोगनळीतलं सगळंच माणसात घडत नाही, पण रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर लपवू नका.

शेवटची चिठ्ठी एका विडी कामगार ताईंची आहे. "मालक विडी ओढतात, हृदयाचं औषध चालू आहे, धुरानं औषध कमी पडतं का?" ताई, काही औषधं पडतात. जळणाऱ्या तंबाखूच्या धुरात जी हायड्रोकार्बनं असतात, ती पी-४५० मधल्या १ए गटाची एन्झाइमं वाढवतात. यकृतात १ए२ वाढतं, इतर अवयवांत १ए१. प्रोप्रॅनोलॉल अशा माणसात लवकर संपतं. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्यांत असं होत नाही, कारण तिथे धूर नाही. त्यांना निकोटिन छळतं, तो वेगळा हिशेब. विडी सोडायलाच पाहिजे, त्यावर चर्चा नको. पण सोडताना एक बघा. मालकांना दम्यासाठी डेरिफायलिनसारखी गोळी चालू आहे का? तिच्यातलं थिओफायलिन याच १ए२ नं मोडतं. विडी सुटली की आठवड्याभरात ते वाढीव एन्झाइम उतरतं, आणि तोच जुना डोस जास्त व्हायला लागतो. छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप लागत नाही. माणूस म्हणतो, विडी सोडली म्हणूनच हे सुरू झालं, आणि परत पेटवतो. तेव्हा त्यांना म्हणावं, विडी सोडायच्या आधी सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरकडे जा आणि तारीख सांगा, अमुक दिवसापासून सोडतोय, दम्याच्या गोळीचा डोस बघून द्या.